दिवा विझलेला असतानाही गाडी बघणारा इलेक्ट्रिशियन, कोडोली रोड, सातारा

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली आहेच.

गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, सेकंड हँड, एमएच १२ पासिंग, म्हणजे पुण्याहून आलेली आणि आता आमच्या साताऱ्याच्या चढउतारावर पळणारी. तक्रार काय तर पिवळा चेक इंजिनचा दिवा मधेच लागतो, दोन-चार दिवस राहतो आणि आपोआप जातो. गाडी बंद पडत नाही, धूर नाही, फक्त ॲव्हरेज पडलं होतं आणि चढाला जरा जड वाटायची. आता असा लपंडाव खेळणारा फॉल्ट घेऊन कुठंही जा, पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आत्ता लाईट कुठाय? लागली की आणा." आणि लागल्यावर न्यायची म्हटलं तर नेमका रविवार असतो नाहीतर आपण ठोसेघरला असतो. एका ठिकाणी स्कॅनर लावला, गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेला फॉल्टचा कोड वाचला न वाचला, लगेच पुसून टाकला आणि "झालं, आता येणार नाही" म्हणून पैसे घेतले. आठवड्यात दिवा परत हजर. दुसरीकडं सांगितलं ऑक्सिजन सेन्सर (सायलेन्सरकडं जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा) गेलाय, बदला, पाच हजाराच्या आसपास जाईल, गॅरंटी काय विचारलं तर इलेक्ट्रिक पार्टला गॅरंटी नसते म्हणे.

हा गडी वेगळा निघाला तो इथं. दिवा विझलेलाच होता, तरी म्हणाला, "असूद्या की, दिवा गेला म्हणून कोड जात नाही." आणि ते खरंच आहे, मी नंतर नीट समजून घेतलं. बहुतेक फॉल्ट एकदा दिसला की कॉम्प्युटर तो आधी कच्च्या यादीत टाकतो, लागोपाठ दुसऱ्या फेरीत परत दिसला की मग दिवा लावतो. पुढं तीन फेऱ्या सलग फॉल्ट नाही दिसला की दिवा विझवतो, पण कोड मात्र आत पडून असतो, इंजिन साधारण चाळीस वेळा थंडाचं गरम होईपर्यंत. म्हणजे "लागली की आणा" याला तसा काही अर्थच नाही. उलट घाईनं कोड पुसला की त्याच्यासोबतची सगळी माहिती पण जाते, आणि खरी गंमत त्या माहितीतच असते. (दिवा लुकलुकत असेल तर मात्र ही सगळी चर्चा बाजूला ठेवा, ते मिसफायरचं, म्हणजे इंजिनात पेट्रोल नीट न पेटण्याचं लक्षण असतं, तशीच दामटली तर धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जातो आणि तो खर्च झेपत नाही.)

त्यानं स्टेअरिंगखालच्या सोळा पिनच्या सॉकेटला स्कॅनर लावला. कोड निघाला पी ०१३४, म्हणजे पुढच्या ऑक्सिजन सेन्सरकडून हालचालच दिसत नाही. इथं बाकीचे "सेन्सर बदला" म्हणून मोकळे झाले असते. यानं फ्रीझ फ्रेम उघडली, म्हणजे कोड पडला त्या क्षणी गाडी काय करत होती त्याचा कॉम्प्युटरनं काढून ठेवलेला फोटोच. स्पीड तिशीत, आरपीएम अडीच हजाराच्या वर, इंजिनवरचा लोड ऐंशी टक्क्यांच्या पुढं, इंजिन पूर्ण गरम. स्क्रीनकडं बघतच मला विचारलं, "मालक, कासला लई जाता काय?" जातो. पाहुणे आले की कासच्या वाटेवरचा यवतेश्वरचा घाट ठरलेलाच, आणि दिवा बऱ्याचदा तिकडून आल्यावरच दिसायचा हे तेव्हा कुठं माझ्या डोक्यात जुळलं.

मग बोनेट उघडून लाईव्ह डेटा लावला. चांगला सेन्सर असला की त्याचं व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ च्या मधे सारखं वरखाली नाचत असतं, आमचंही मस्त नाचत होतं. म्हणजे सेन्सर जिवंत. वायरिंग हातानं हलवून बघितलं, तरी काही नाही. मी म्हटलं झालं, आता हापण म्हणणार दिवा लागल्यावर या. तर यानं हाताखालच्या पोराला आत बसवलं, हँडब्रेक ओढायला लावला, ब्रेकवर पाय, पहिला गिअर, आणि क्लच अर्धा सोडायला सांगितला, आपण स्वतः मात्र समोरून बाजूला उभा राहून इंजिनकडं बघत. गाडी जागेवरच दबली, इंजिन चांगलं बोटभर मागं कललं आणि स्क्रीनवरची नाचणारी रेघ सपाट. क्लच दाबला, रेघ परत नाचायला लागली. रिव्हर्स टाकून तेच केलं तर काहीच नाही, कारण रिव्हर्सला इंजिन उलट बाजूला कलतं. हे मी माझ्या डोळ्यानं बघितलं म्हणून एवढं लिहितोय, नाहीतर मला कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

कारण असं की इंजिनच्या खालच्या फाउंडेशनचं, म्हणजे इंजिन ज्यावर धरून बसवलेलं असतं त्याचं रबर फाटलेलं, त्यामुळं चढाला जोर लागला की इंजिन जास्त कलतं. आणि आधी कधीतरी कोणीतरी काम करताना वायरिंगची क्लिप परत लावलीच नव्हती, त्यामुळं इंजिन कललं की वायर ताणली जायची. कपलरच्या, म्हणजे वायर जोडायच्या प्लगच्या अगदी तोंडाशी आतली तांब्याची तार तुटलेली, वरचं प्लॅस्टिक मात्र शाबूत! सपाट रस्त्यावर दोन्ही टोकं चिकटून बसायची, घाटात सुटायची. सिग्नल गेला की कॉम्प्युटर अंदाजानं पेट्रोल सोडतो, म्हणून ॲव्हरेज पडलेलं.

तुटलेला तुकडा काढून नवीन वायर सोल्डर केली, वर स्लीव्ह घातली, वायर थोडी लांब ठेवली आणि क्लिप लावली. सोल्डर करताना मला म्हणाला, नशीब गाडीच्या बाजूला तुटलीय, सेन्सरच्या बाजूच्या वायरीला सोल्डर नाही करायचं, काही सेन्सर त्या वायरीतूनच बाहेरची हवा आत घेतात, ती वाट बुजते. एवढं एक वाक्य तो आपणहून बोलला. बाकी सगळं विचाराल तेवढंच सांगतो, एक शब्द जास्त नाही, काहींना ते तुसडं वाटेल. मला चाललं.

पैसे: चेकिंगचे ४०० आणि कामाचे ७००. चेकिंगचे पैसे फॉल्ट सापडला नाही तरी द्यावे लागतात, हे तो गाडी आत घेतानाच सांगतो. यावरून आधी एक गिऱ्हाईक माझ्यासमोरच वाद घालून गेलं. माझं मत विचाराल तर ते ४०० रास्त आहेत, कारण जो बघण्याचे पैसे घेत नाही तो ते सेन्सर विकून काढतो. फाउंडेशन यानं बदललं नाही, ते आपलं काम नाही म्हणाला, फिटरकडं जा, पण बदला नक्की, नाहीतर ही वायरपण टिकणार नाही. ते मी दुसरीकडं करून घेतलं. त्यानंतर पाहुण्यांना घेऊन कास झालं, भर पावसात सज्जनगड झालं, दिवा लागलेला नाही, आणि गाडी चढाला पहिल्यासारखी ओढते.

आता तो एक स्टार. फोन उचलत नाही, अजिबात नाही, थेट जाऊनच नंबर लावावा लागतो. सकाळी दिलेली गाडी संध्याकाळी मिळते आणि मधे तुम्ही काय करायचं तर उभं राहायचं, बसायला एक बाकडं आहे त्यावर बॅटऱ्या ठेवलेल्या असतात. पक्कं बिल नाही, वहीचा कागद फाडून त्यावर रक्कम लिहून देतो, काय काम केलं ते पण लिहायला लावा नाहीतर नुसता आकडा येतो. एसीचं काम घेत नाही, डिझेल गाडीचं वायरिंग बघतो पण पंपाला हात लावत नाही. रविवारी बंद. पावसाळ्यात दारात चिखल असतो, गाडी रस्त्याच्या कडेलाच लावा, पोरगा येऊन आत घेतो.