दोन मुकुट: रोम 800, आखेन 813

25 डिसेंबर 800 रोजी रोमच्या सेंट पीटर चर्चमध्ये पोप तिसऱ्या लिओने फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याला सम्राटाचा मुकुट घातला. आदल्याच वर्षी याच लिओवर रोममध्ये हल्ला झाला होता आणि तो मदतीसाठी शार्लमेनकडेच धावला होता. खरी ताकद राजाची होती. तरी लोकांच्या डोळ्यांत राहिले ते एवढेच: पोप देणारा, राजा घेणारा.

813 साली आखेनला, शार्लमेनच्या राजधानीत, मात्र पोप नव्हता. सरदारांच्या संमतीने शार्लमेनने मुलगा लुईला सहसम्राट केले. सत्ता घरातल्या घरात गेली. मला हाच प्रसंग जास्त बोलका वाटतो. पण टिकली ती रोमची रीत, म्हणजे पोपच्या हातून मुकुट घेण्याची. 816 मध्ये आजच्या फ्रान्समधल्या रँसला पोप चौथ्या स्टीफनने लुईला पुन्हा मुकुट घातला.