काट्यावर काटे: 1 ग्रॅमवाला किचन स्केल, 5 पैकी 4 स्टार

खरं तर हा काटा मी बेसनाच्या लाडवांसाठी घेतला होता. दिवाळीच्या आधी, पंधरा-सोळा डॉलरला, 5 किलोपर्यंत वजन घेतो, 1 ग्रॅमचा फरक दाखवतो, वर काच, खाली दोन बारके सेल. लाडवांचं बेसन त्यावर एकदाच मोजलं. मग तो फणसाकडे गेला तो परत ओट्यावर आलाच नाही, त्यामुळे पीठ-साखर मोजणाऱ्यांना ह्या रिव्ह्यूचा काय उपयोग होईल देव जाणे, पण घरात छोटा प्राणी आजारी असेल तर वाचा.

फणस म्हणजे आमचा हेजहॉग, पाठीवर काटे असलेला छोटा प्राणी, आफ्रिकन पिग्मी जातीचा, साडेतीन वर्षांचा. आम्ही ओहायोत राहतो, इथे पाळलेला चालतो. कॅलिफोर्नियात बंदी आहे म्हणून फ्रीमॉन्टचा मावसभाऊ बिचारा व्हिडिओ कॉलवरच लाड करायचा. आई सहा महिन्यांसाठी सांगलीहून आली होती, ती त्याला साळूच म्हणायची. अगं साळू वेगळा, तो उंदराच्या गटातला, हा चिचुंद्रीचा भाऊबंद, असं मी सांगितलं तर झालं उलटंच, "म्हणजे चिचुंद्री पाळलीये आणि वर तिला हीटर लावलाय!" हीटर लावावाच लागतो हो, पिंजरा गार पडला की हे थंडीच्या झोपेत जायला बघतात आणि ह्या जातीला ती झोप झेपत नाही, त्यातच जातात.

एकदा आईने हिंगाच्या हाताने त्याला उचललं तर तो बोट चाटून चाटून तोंडाला फेस आणून मान वाकडी करून तो फेस पाठीवरच्या काट्यांना फासायला लागला, आणि आई ओरडतीये की ह्याला फिट आली. नवीन वास आला की करतात तसं, आजार नाही तो. आजार जो होता तो मात्र आम्हाला कुणालाच दिसला नाही.

आता मुद्द्याचं. हेजहॉग आजारी असला तरी दाखवत नाही, दिवसभर झोपतो, रात्री आपण झोपलो की चाकावर पळतो, मग कळणार कसं? पाळणारे अनुभवी लोक सांगतात की वजन करत जा, म्हणून मी लाडू झाल्यावर गंमत म्हणून त्याला ठेवला काट्यावर. 431. दुसऱ्या दिवशी 433. पाच-सात ग्रॅम इकडेतिकडे होतंच, शी-शू केली की होतं. पण मग 428, 424, 419, 415, दहा दिवसांत, आणि बघायला गेलं तर वाटी रिकामी, चाक फिरतंय, सगळं छान. ही उतरती रांग वहीत दिसली नसती तर मी अजून महिनाभर तरी डॉक्टरकडे गेले नसते. नंतर नीट बघितलं तर वाटी रिकामी होती पण दाणे सगळे वाटीच्या मागे पडलेले, अर्धवट चावून टाकलेले, ओले.

जवळच्या कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात म्हणाले आम्ही हे बघत नाही. (मग फोनवर अपॉइंटमेंट कशाला दिली?) एक्झॉटिक, म्हणजे असल्या वेगळ्या प्राण्यांची डॉक्टर तासाभराच्या ड्राइव्हवर. तो गोळा होऊन बसतो त्यामुळे तोंड उघडून बघायचं तर गॅस देऊन झोपवावंच लागतं. वरच्या हिरडीला सूज, दोन दात हलत होते. तुकडा तपासायला पाठवला आणि आलं, स्क्वेमस सेल कार्सिनोमा, म्हणजे तोंडाचा कॅन्सर. तिनेच सांगितलं की तिसऱ्या वर्षानंतर ह्यांच्यात गाठी फार कॉमन आहेत, आयुष्यच मुळात चार-सहा वर्षांचं. हाडापर्यंत गेलेला, काढून पूर्ण निघणार नाही. मेलॉक्सिकॅम दुखण्यासाठी, मऊ खाणं आणि रोज वजन. "घरी काटा आहे का?" हे तिनेच विचारलं. म्हटलं आहे.

तिथून पुढे सात आठवडे हा काटा रोज सकाळी आणि रात्री. माझी पद्धत सांगते. श्रीखंडाचा रिकामा डबा घ्यायचा, त्यात फ्लीसचा, म्हणजे मऊ उबदार कापडाचा तुकडा, डबा ठेवून शून्य करायचं, मग फणस आत. उघड्या काचेवर ठेवला तर घसरतो आणि आकडे नाचतात. जेवणाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा ठेवला की पोटात किती गेलं ते कळतं, कारण सिरिंजमधलं निम्मं गळ्याखाली आणि निम्मं माझ्या बाहीवर. खाणं म्हणजे डॉक्टरने दिलेलं आजारी मांजर-कुत्र्यांचं पातळ डबाबंद, कोमट पाण्यात कालवून चहाच्या गाळणीतून गाळायचं नाहीतर 1 एमएलची सिरिंज तुंबते. सुई नसलेली सिरिंज, तोंडाच्या बाजूने, थेंब थेंब, आणि उताणा करून कधीच नाही, श्वासनलिकेत जाऊ शकतं. हाताला गार लागला तर आधी ऊब, मग खाणं. पहिले चार दिवस मी रडले, पाचव्या दिवशी आईने पदर खोचला आणि म्हणाली आण इकडे, तुम्हाला दोघींना मी असंच भरवलंय. तिच्या हातून खायचा लबाड. 415 चा 421 झाला त्या दिवशी तिने सांगलीला फोन करून मावशीला आकडा सांगितला.

आता तक्रारी. एक, दोन मिनिटांत आपोआप बंद होतो. बेसनाला ठीक आहे पण आजारी हेजहॉग डब्यात उलगडून स्थिर बसेपर्यंत दोन मिनिटं कधीच होऊन जातात, मग परत शून्यापासून. दोन, आकडा पकडून ठेवायची सोय नाही, त्यामुळे फोनवर व्हिडिओ काढून मधला आकडा धरायचा. तीन, युनिटचं बटण डब्याच्या कडेखाली येतं. एका सकाळी नवऱ्याने 13.4 लिहिलं आणि मी वही बघून ऑफिसमधून निघायलाच लागले होते, तर काटा औंसमध्ये गेलेला, म्हणजे 380. काचेची सफाई मात्र सोपी, कोमट पाणी साबण, पण ती किचनच्या सिंकमध्ये करू नका. हेजहॉगकडून साल्मोनेला येतो, 2019 मध्ये इथल्या सीडीसीने, म्हणजे सरकारी आरोग्य संस्थेने, ह्यांचे मुके घेऊ नका असं चक्क जाहीर सांगितलं होतं. आई पहिल्या दिवसापासून म्हणत होती की जनावर ठेवलेल्या काट्यावर मी परत पीठ ठेवू देणार नाही, मी हसले होते, ती बरोबर होती. दुसरा काटा घ्या.

सहाव्या आठवड्यात 350 च्या खाली गेला. डॉक्टर म्हणाली होती नुसत्या आकड्यावर जाऊ नका, चाकावर जातो का, हात लावल्यावर फिस्स करतो का, आईच्या हातून खातो का ते बघा. चाक आधी बंद झालं. मग एका रात्री आईने मुद्दाम हिंग लावून बोट पुढे केलं, त्याने वास घेतला आणि तोंड फिरवलं. आई काही बोलली नाही, हात धुवून आली.

शनिवारी सकाळी घरी 332 भरला. दवाखान्यात पोचल्यावर इंजेक्शनचा डोस काढायला त्यांनी परत वजन केलं, त्यांच्या काट्यावर, जो माझ्या ह्या काट्याच्या वीसपट तरी महाग असेल. 331. आणि वाटेत गाडीत त्याने फ्लीस ओलं केलं होतं.

एक स्टार कापलाय तो ऑटो-ऑफचा.