सहाशे डॉलरचं नळाचं पाणी

लिहू की नको यात तीन आठवडे गेले. बायको म्हणाली, "लिही, निदान दुसऱ्या कुणाचे तरी पैसे वाचतील." मी म्हटलं, लोक हसतील. ती म्हणाली, "हसू देत." तर हसा. पण शेवटपर्यंत वाचा. पिट्सबर्गच्या आसपास उताराच्या यार्डात राहणारे आपले पुष्कळ लोक आहेत, आणि एप्रिल लागला की गवत कापायच्या मोवरच्या टायरांचं काम करतो सांगून मला सहाशे डॉलरला बुडवणारा हा माणूस, नाहीतर याचा कुणी भाऊबंद, पुन्हा उगवणार.

हे शहर ज्यांनी पाहिलंय त्यांना चढ-उताराचं सांगायला नको. ज्यांनी नाही पाहिलं त्यांच्यासाठी एवढंच, की इथल्या बीचव्ह्यू भागात कॅन्टन अव्हेन्यू नावाची एक गल्ली ३७ टक्के चढाची आहे. आमचं मागचं अंगण तितकं भयंकर नाही. मोबाइलवर कोन मोजला तर बहुतेक ठिकाणी १२-१३ अंश भरतो, कुंपणाजवळच्या एका कोपऱ्यात १७. तरी सकाळचं दव असलं की बसून चालवायच्या मोवरचं एक चाक जागच्या जागी गरगरायला लागतं. साध्या डिफरन्शियलचा, म्हणजे इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरचा, हा गुणच आहे. ज्या चाकावर भार कमी, ते फुकट फिरतं आणि दुसरं ढिम्म हलत नाही. गवताची साल निघते, मशीन तिरकं होत होत खाली सरकतं. एकदा मी असा सरकत सरकत शेजाऱ्याच्या कुंपणाला टेकून थांबलो. शेजारी डेकवर बसून कॉफी पीत होता. त्याने हात केला. मीही केला.

मी पुण्यात मेकॅनिकल केलंय. हे वाक्य लिहिताना कान तापतात, पण लपवून काय उपयोग? चाकावर भार वाढवला की पकड वाढते, एवढं मला कळतं. त्यासाठीचे उपाय सगळ्यांना माहीत आहेत: गुळगुळीत लॉनच्या टायरऐवजी शेतीच्या ट्रॅक्टरसारखे तिरक्या जाड पट्ट्यांचे टायर, टायरवर गुंडाळायच्या साखळ्या, चाकाला बोल्टने आवळायची वजनं आणि टायरच्या आत द्रव. हा शेवटचा प्रकार आपल्याकडे कुणालाच नवा नाही. कराडजवळ माझे काका ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात पाऊण भाग पाणीच भरतात. विहिरीवरचा पाइप लावतात, गप्पा मारतात, तासाभरात काम फत्ते. इथे मात्र साधं पाणी हिवाळ्यात गोठतं. कॅल्शियम क्लोराइड घातलं तर गोठत नाही, पण रिम खातं. म्हणून हल्ली लोक बीटचा रस भरतात. साखर कारखान्यातून निघणारा हा काळपट, काकवीसारखा द्रव बऱ्याच थंडीत टिकतो, गंजवत नाही आणि पाण्याहून जड असतो. पाण्याचं गॅलन ८.३४ पौंडांचं, याचं ११ च्या आसपास.

म्हणजे मला सगळं माहीत होतं. हेच जास्त खुपतं.

नंबर आला तो आपल्याच लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून. "घरी येऊन करतो, एकदम रिझनेबल," असं एकाने लिहिलं होतं. त्याने स्वतः या माणसाकडून काहीही करून घेतलेलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. विचारलं तर म्हणाला, "अरे, मी फक्त फॉरवर्ड केलं." ग्रुपवर कुणी नंबर टाकला तर पहिला प्रश्न हाच विचारा: तू स्वतः काम करून घेतलंस का? त्याला राग आला तर येऊ दे.

भाव असा ठरला: पट्ट्यांचे दोन टायर १७० डॉलर, बीटचा रस दोन्ही चाकांत १८०, कास्ट आयर्नच्या वजनांची जोडी १२०, साखळ्या ७५, मजुरी ६०. एकूण ६०५. त्यातले २५० आगाऊ, बँकेच्या अॅपवरून थेट त्याच्या खात्यात. "माल आणायला लागतात," म्हणाला. उरलेले काम झाल्यावर रोख. शेवटी त्याने वरचे पाच सोडले आणि ३५० घेतले. मी त्याला थँक्यू म्हटलं. सहाशे डॉलरला बुडवून पाच डॉलर सोडणाऱ्याला थँक्यू!

खरा कारागीर असता तर त्याने आधी काय विचारलं असतं, ते आता सुचतं. टायरमध्ये हवा किती ठेवता? माझ्या मागच्या टायरात २२ पीएसआय होती. पुस्तिकेत १० लिहिलंय. हवा जास्त असली की टायर फुगतो, मधलाच पट्टा जमिनीला लागतो. घरातला पाच डॉलरचा गेज घेऊन हवा उतरवली असती तर अर्धं दुखणं फुकटात गेलं असतं. त्याने हेही विचारायला हवं होतं, की मशीनचा ट्रान्सअॅक्सल, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देणारा भाग, हलका हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबावर चालणारा) आहे की जड? हलक्यावर वजनं, द्रव आणि पट्ट्यांचे टायर एकदम लादले की चढावर तो तापतो, कण्हतो, आणि एक दिवस पेडल दाबलं तरी गाडी हलत नाही. त्याने मशीनचं मॉडेलसुद्धा विचारलं नाही. विचारलं फक्त, "नळ कुठे आहे?"

हाच तो क्षण. रात्री झोपताना मला अजून दिसतो.

मे महिन्यातला शनिवार, सकाळचे अकरा. पिकअप ड्राइव्हवेत उलटा लावलेला, मागची बाजू गॅरेजच्या भिंतीकडे. त्यात झाकणाच्या पाच गॅलनच्या चार बादल्या. एकीचं झाकण उघडून त्याने मला आत दाखवलं: तपकिरी, चिकट, उसाच्या गुऱ्हाळासारखा वास. मी बोट बुडवून पाहिलं, बोट चिकट झालं, खात्री पटली. मग तो म्हणाला, पंप आधी पाण्याने धुवून प्राइम करावा, म्हणजे आत पाणी भरून तयार करावा लागतो, पाइप मिळेल का? मी आमचा हिरवा गार्डन होज काढून, नळाला जोडून, स्वतःच्या हाताने त्याच्या हातात दिला. ऊन होतं, म्हणून आत जाऊन लिंबू सरबतही करून आणलं. सरबत करायला दहा-बारा मिनिटं लागली असतील. बाहेर आलो तेव्हा नळ चालूच होता. एखादा पंप धुवायला बारा मिनिटं पाणी लागतं का हो? मी इंजिनिअर माणूस, ट्रे हातात धरून उभा होतो आणि मला हा प्रश्न पडला नाही.

तेवढ्यात त्याने नळी काढून व्हॉल्व्ह बसवला. बसवताना एक थेंब उडाला आणि काँक्रीटवर पडला. स्वच्छ, पारदर्शक थेंब. मी म्हटलं, "हे पाण्यासारखं दिसतंय." तो न बघताच म्हणाला, "पंप धुतलेलं पाणी नळीत राहतं थोडं." आणि फडक्याने व्हॉल्व्ह पुसला. फडकं आधीच तपकिरी होतं, त्यामुळे व्हॉल्व्हभोवती छान तपकिरी कडं उमटलं. मी समाधानाने मान हलवली. त्यानंतर चारही बादल्या त्याने एकेका हाताने उचलून मागे सरकवल्या, आणि तेव्हाही मला काही सुचलं नाही. पाच गॅलन खरा रस म्हणजे ५५ पौंड, २५ किलो. दोन टायरांना दोन बादल्या रस पुरतो, मग उरलेल्या दोन भरलेल्या बादल्या तो एका हाताने इतक्या सहज उचलतो कसा? एवढा विचार केला असता तरी उत्तर समोर होतं.

जाताना त्याने नव्या टायरांसकट मोवरचा फोटो काढला. "इतर कस्टमरना दाखवायला," म्हणाला. मी बाजूला झालो, फ्रेममध्ये येऊ नये म्हणून.

आणि खरी मेख पुढे आहे. पूर्ण उन्हाळा मोवर झकास चालला! साहजिक आहे, पाणीही वजनच असतं. एका टायरात सुमारे पाच गॅलन धरले तर रसाचे ५५ पौंड हवे होते, पाण्याचे साधारण ४२ मिळाले. तेवढा फरक बसल्या जागी कुणाला कळणार? मी चार जणांना त्याचा नंबर दिला. त्यातल्या दोघांनी काम करून घेतलं, आणि तेच दोघे आता माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात. व्यंकटेश्वराच्या मंदिरात गाठ पडली की चपलांच्या रॅकजवळ जरा जास्तच वेळ वाकतात.

जानेवारीत पारा शून्य फॅरनहाइटला टेकला. मी हिवाळ्यात मोवरला पुढे बर्फ ढकलायचं पातं लावतो. शेडमधून काढला तर पहिल्याच फुटाला धडक, धडक, धडक, जणू चाक चौकोनी. आतलं पाणी तळाशी गोठून त्याची लादी झाली होती. मला वाटलं थंडीने टायर कडक झालाय, चालवलं की सुटेल. अजून वीस फूट गेलो. डाव्या टायरची कड रिमवरून सुटली, फाटली, आणि त्या फटीतून बर्फाचा एक काचेसारखा तुकडा बाहेर आला. मी तो हातमोज्यात धरून उभा राहिलो. त्यातून माझी बोटं दिसत होती. बीटचा रस असा दिसत नाही.

मग वजनं काढून बाथरूमच्या काट्यावर ठेवली. कास्ट आयर्न म्हणून दिलेली ती वजनं काळ्या प्लास्टिकच्या कवचात सिमेंट निघाली. सिमेंटवाली वजनंही बाजारात मिळतात, चालतातही, पण ती त्या भावाने नाही. साखळ्या मात्र खऱ्या निघाल्या, हे प्रामाणिकपणे सांगतो.

त्याला फोन केला. पहिल्यांदा उचलला, "सोमवारी येतो." सोमवारी बंद. मंगळवारी माझा नंबर ब्लॉक.

आता तक्रारीची कहाणी ऐका. बँकेला फोन लावून ४० मिनिटं गाणं ऐकलं, मग एक बाई गोड आवाजात म्हणाल्या की पैसे तुम्हीच पाठवलेत, त्यामुळे व्यवहार 'अनधिकृत' नाही. म्हणजे चोराने माझा फोन चोरून पैसे काढले असते तर बँक माझ्या बाजूने. चोराला सरबत पाजून पैसे दिले तर मी एकटा. पोलिसांकडे गेलो. काउंटरवरच्या अधिकाऱ्याने सगळं ऐकलं आणि विचारलं, "टायरमध्ये काहीतरी भरलंय ना पण?" मी म्हटलं, पाणी. "मग हा दिवाणी मामला." मी बर्फाचा तुकडा डब्यात घालून नेला होता. तोपर्यंत तो वितळला होता. डब्यातलं पाणी त्याला दाखवताना मी कसा दिसलो असेन, ते तुम्हीच ठरवा. एका सरकारी ग्राहक कार्यालयाने ऑनलाइन फॉर्म दिला. त्यात तक्रारीचा प्रकार निवडायचा होता: घरदुरुस्ती, वाहन, ऑनलाइन खरेदी. मोवर यातलं काहीच नाही. मी 'वाहन' निवडलं तर गाडीचा नोंदणी क्रमांक सक्तीचा. 'घरदुरुस्ती' निवडलं तर सात आठवड्यांनी पत्र आलं, की गवत कापायचं यंत्र हा घराचा भाग नाही. एका तक्रार क्रमांकाशिवाय पदरात काही नाही. आमच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात १२,००० डॉलरपर्यंतचा दावा मॅजिस्टीरियल डिस्ट्रिक्ट जजपुढे, म्हणजे स्थानिक छोट्या कोर्टात, वकिलाशिवाय लावता येतो, तेही बघितलं. पण दावा लावायला समोरच्याचा पत्ता लागतो. माझ्याकडे त्याचं पहिलं नाव होतं, तेही खरं असलं तर. पिकअपच्या नंबरप्लेटचा फोटो काढला असता तर! फोटो त्याने काढला, मी नाही.

तेव्हा आगाऊ पैसे मागितले तर क्रेडिट कार्ड घेतो का विचारा, नाही म्हणाला तर तिथेच नमस्कार. ठरल्याप्रमाणे माल मिळाला नाही तर क्रेडिट कार्डाच्या बिलांबाबतच्या १९७४ च्या कायद्याने कार्ड कंपनीकडे दाद मागता येते. मात्र स्टेटमेंट आल्यापासून ६० दिवसांत लेखी कळवा. माझी फसवणूक आठ महिन्यांनी उघडकीला आली, म्हणजे कार्ड असतं तरी मी हुकलोच असतो. म्हणून भरल्या दिवशीच तपासा: चाक फिरवून व्हॉल्व्ह खाली आणा, पिन हलकेच दाबा, कागदी रुमालावर थेंब घ्या. तपकिरी आला तरच पैसे द्या. आणि तुमचा नळ कुणाला दाखवू नका.

शेवटी एका रीतसर दुकानात गेलो: नवा टायर ९२, दोन ट्यूब ३६, खरा रस १३०, एकूण २५८. म्हणजे हा उतार मला ८५८ डॉलरला पडला. दुकानातल्या म्हाताऱ्याने उरलेल्या टायरातलं पाणी जमिनीवर सोडलं आणि फार काही बोलला नाही. फक्त त्या कोपऱ्याचा कोन विचारला. १७ म्हटल्यावर म्हणाला, पुस्तिकेत १५ ची मर्यादा आहे, तिथे कुठलाच टायर तुला वाचवणार नाही, मशीन उलटेल. बाकी उतारावर सरळ वर-खाली जा, आडवं नको, दव वाळल्याशिवाय नको. या सल्ल्याचे त्याने पैसे घेतले नाहीत. त्या कोपऱ्यात आता झुडपं लावणार आहे.

कराडच्या काकांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "पाणीच भरलं ना? मग बिघडलं कुठं?" अर्धा तास समजावलं. मग ते इतका वेळ हसले की काकूंनी फोन घेतला.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव वेगळं, नंबर वेगळा, भाव आता ६५० डॉलर. फोटोतला मोवर माझा आहे. मागे आमचा हिरवा पाइप नळाला जोडलेला दिसतो.