पारदर्शक हवाबंद डबे: पाडव्यापासून दिवाळीपर्यंत वापरल्यावरचा अनुभव

गुढीपाडव्याला साठवणीचं कपाट पूर्ण रिकामं केलं आणि त्यात चौकोनी, पारदर्शक, हवाबंद झाकणांचे डबे लावले. आता दिवाळीचा फराळही संपलाय. उन्हाळ्यातली भरणी, पावसाळ्याची ओल आणि सणांची धांदल, सगळं या डब्यांवरून गेलं, म्हणून आता खात्रीने लिहिते. डबे चांगले आहेत, जरूर घ्यावेत. मात्र घरातली प्रत्येक वस्तू त्यांत घालू नये.

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. वर्षाचा गहू आणि शाळू उन्हाळ्यात भरून ठेवायची पद्धत आमच्याकडे अजून आहे. डाळी-कडधान्यं गणपती पेठेतून दोन-तीन महिन्यांची येतात. एकाच घरात पोत्याने धान्य आणि छटाकभर खसखस, असा सगळा मामला. त्यामुळे मोठा साठा स्टीलच्या कोठ्यांत आणि रोज हाताशी लागतं तेवढंच पारदर्शक डब्यांत, अशी सरळ वाटणी केली. इंटरनेटवरच्या फोटोंत सगळं कपाट एकसारख्या डब्यांनी भरलेलं दिसतं, ते छोट्या कुटुंबाला ठीक आहे. वर्षाचं भरणाऱ्या घराला ते परवडतही नाही आणि पुरतही नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मापाची, आणि दुकानात ती कुणी सांगत नाही. डबे लिटरवर विकतात, आपण सामान किलोवर आणतो. एक किलो साखर किंवा तूरडाळ साधारण सव्वा लिटरमध्ये बसते. शेंगदाण्यांना दीड लिटरच्या वर लागतं, कणकेला दोन लिटरच्या आसपास, आणि पातळ पोहे तर अर्धा किलोलाच तेवढी किंवा त्याहून जास्त जागा खातात. डबा असा घ्यावा की आणलेली पुडी पूर्ण रिकामी होऊन वर दोन बोटं जागा उरेल. पुडीत पावशेर शिल्लक राहिलं की तिला रबर लागतो, ती डब्याच्या मागे जाते, पुढच्या महिन्यात तिच्या पुढे दुसरी येते. कपाटातला पसारा सुरू होतो तो इथूनच. आमच्याकडे मापं जुळल्यापासून अर्धवट पुड्या जवळजवळ बंद झाल्या आणि कपाट आपोआप आवरलेलं राहू लागलं. सासूबाईंना किराण्याची यादी करताना आता एकही झाकण उघडावं लागत नाही, बाहेरूनच कळतं काय संपत आलंय. त्यांचा सुरुवातीचा विरोध याच एका गोष्टीने मावळला.

पावसाळ्यात ओलीपासून या डब्यांनी खरंच राखलं. साखर पाझरली नाही, पोहे सादळले नाहीत. किडीच्या बाबतीत मात्र ‘हवाबंद’ शब्दावर विसंबून राहू नये. सोंडकिड्याची मादी गव्हा-तांदळाच्या दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवते. असा दाणा वरून धड दिसतो. झाकण बाहेरची कीड आत येऊ देत नाही, पण जी घेऊनच धान्य घरात आलं तिचं काय करणार? म्हणून रवा, बेसन, मैदा आणल्यावर पिशवीसकट चार दिवस फ्रीजरला ठेवते. बाहेर काढल्यावर पिशवीचा गारठा पूर्ण जाईपर्यंत ती उघडत नाही, नाहीतर आत पाणी सुटतं. मग डब्यात. आणि नवा माल जुन्यावर कधीही ओतायचा नाही. जुना ताटात काढायचा, डबा कोरडा पुसायचा, नवा खाली, जुना वर. एवढा नियम घरातल्या सगळ्यांनी पाळला तर बाकीची टापटीप फार कष्टाची नाही.

भाजलेले शेंगदाणे, भाजलेला रवा कोमट असताना बंद करू नये, झाकणाला वाफ धरते. दमट दाण्यांना बुरशी लागली किंवा कडवट वास आला तर निवडत बसू नका, सगळे टाकून द्या. त्या बुरशीतलं विष भाजूनही पूर्ण जात नाही.

आता या डब्यांत काय घालू नये ते. हळद उजेडात राहिली की रंग उतरतो. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, इतक्या चांगल्या हळदीला अंधारा स्टीलचा डबाच हवा. चटणी, म्हणजे आपली उन्हाळ्यात कुटून आणलेली कांदा-लसणाची चटणी, प्लॅस्टिकला रंग आणि वास दोन्ही कायमचे देते. ती चिनी मातीच्या बरणीत दाबून भरायची, वर हिंगाचे खडे, आणि आठवड्याला लागेल तेवढीच छोट्या डब्यात काढायची. मीठ स्टीलमध्ये नको, बरणीत ठेवावं. बेदाणे काचेच्या बरणीत घालून फ्रीजमध्ये.

तक्रारी दोनच. झाकणातली सिलिकॉनची रिंग काढून धुवावी लागते आणि पावसाळ्यात खाचेतली ओल लवकर सुकत नाही. फडक्याने पुसून रात्रभर पंख्याखाली ठेवावी. एका झाकणाची कडी मध्येच तुटली आणि सुटं झाकण मिळणार नाही असं उत्तर आलं. घेण्याआधी हा प्रश्न विचाराच, कारण झाकण गेलं की डबा निकामी.

माझी नणंद सांगलीच्या गावभागात, म्हणजे नदीजवळच्या जुन्या वस्तीत राहते. 2019 च्या महापुरानंतर त्यांनी खालच्या खणात धान्य ठेवणं बंद केलं. हेच डबे तिनेही घेतले, ते वेगळ्या कारणाने: पाणी वाढायची बातमी आली की रोजचं सामान दोन क्रेटमध्ये भरून वर नेता येतं, काही सांडत नाही.

पहिल्याच खेपेला मोठा संच घेऊ नका. आपल्या महिन्याच्या यादीतले जिन्नस बघा, त्यांची मापं काढा आणि तेवढेच सुटे डबे घ्या. भडंगाचे चुरमुरे मात्र यांतल्या कशातच मावत नाहीत, ते आमच्याकडे अजून जुन्या मोठ्या पत्र्याच्या डब्यातच असतात आणि कुरकुरीत राहतात.