९ वॅटचा बल्ब, झुंबर आणि आपल्याकडची लाईट: काय घ्यावं, काय दुकानातच ठेवावं

९ वॅटचा पांढरा एलईडी बल्ब आता किराणा दुकानात साबणाशेजारी मिळतो. एकाच खोक्यातले दोन बल्ब घ्या. लातूरच्या फ्लॅटमध्ये लावलेला चार वर्षं चालतो आणि शेताजवळच्या पत्र्याच्या घरातला चौथ्या महिन्यात मान टाकतो. दोष दर वेळी बल्बचा नसतो. रब्बीच्या पाण्याच्या पाळ्या सुरू झाल्या की डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) मोटारींचा भार येतो आणि घरातलं व्होल्टेज २३० वरून १६०-१७० वर उतरतं. मोटारी एकदम बंद झाल्या की ते उसळतं. त्यात एप्रिल-मेचा ४२-४३ अंशांचा उन्हाळा आणि वर तापलेला पत्रा. परळीचं औष्णिक केंद्र उशाशी असूनही आपली लाईट अशी, तेव्हा बल्बही तिच्याच मापानं घ्यावा लागतो.

खोक्याच्या दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरांत वॅट असतात. कामाचं सगळं मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत. आधी व्होल्टेजची ओळ शोधा. '२२०-२४०' लिहिलेला बल्ब खेड्यात घेऊ नका, '१००-३००' लिहिलेला घ्या. फरक आतल्या ड्रायव्हरचा, म्हणजे उजेड देणाऱ्या चिपांना बेताची वीज पुरवणाऱ्या भागाचा असतो. स्वस्त बल्बात ड्रायव्हर वेगळा नसतोच, चिपांच्याच पट्टीवर एक छोटी आयसी बसवलेली असते. चिपांची माळ पेटायला ठरावीक व्होल्टेज लागतं. ते मिळालं नाही की बल्ब लुकलुकतो किंवा विझतो, आणि जास्त झालं की वरचं सगळं व्होल्टेज ती आयसी उष्णता करून सोसते. म्हणून असे बल्ब डिम लाईटीत नाचतात आणि मोटारी बंद झाल्यावर जळतात. गल्लीत 'गॅरंटीवाला' म्हणून विकला जाणारा बिनखोक्याचा बल्ब बहुधा याच जातीचा.

दुसरी ओळ सर्जची. '४ केव्ही' असं काही छापलेलं असेल तर बरं. गेलेली लाईट परत येताना जो झटका येतो, तो गिळणारा भाग आत आहे, असा त्याचा अर्थ. तिसरी ओळ ल्युमेनची, म्हणजे उजेडाच्या मापाची. ९ वॅटला ९०० ल्युमेन, म्हणजे वॅटमागे १००, हा चांगला आकडा. ८० च्या खाली असेल तर खोकं परत मांडणीवर ठेवा. शेवटी बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, आयएस १६१०२ हा मानक क्रमांक आणि 'आर-' पासून सुरू होणारा ८ आकडी नोंदणी क्रमांक. हे नसेल तर बिल मागूनही उपयोग नाही.

जळालेला बल्ब उघडून पाहिला की वरचं सगळं डोळ्यांना दिसतं. वरचं दुधी टोपण पिळलं की निघतं. खाली ॲल्युमिनियमची गोल चकती आणि तिच्यावर पिवळ्या चिपा. त्यातल्या एकीवर मोहरीएवढा काळा ठिपका असतो. चिपा एकामागे एक जोडलेल्या असल्यानं ती एक गेली की सगळा बल्ब बंद. ठिपका नसेल तर चकतीखालचा ड्रायव्हर पाहा. करंगळीच्या पेराएवढा कपॅसिटर, त्याचं डोकं फुगलेलं. उष्णतेनं त्याच्या आतलं द्रव्य सुकतं. तापमान १० अंशांनी कमी राहिलं तर त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, इतकं ते उष्णतेला हळवं. त्यावर १०५ अंश छापलेलं असेल तर माल बरा, ८५ असेल तर आपल्या उन्हाळ्यात अवघड. जळकी चिप डाग देऊन जोडायचा धंदा बाजारात जोरात चालतो. बल्ब पेटतो खरा, पण राहिलेल्या चिपांवर किंवा आयसीवर ताण येतो आणि महिन्या-दोन महिन्यांत तोच खेळ. शिवाय लाईट चालू असताना त्या चकतीला हात लागला तर शॉक बसू शकतो. ते काम घरी करू नये.

एकाच जागचे बल्ब पुन्हा पुन्हा जात असतील तर बल्ब बदलत बसण्याआधी होल्डर बदला. पिनच्या होल्डरमधल्या स्प्रिंगा ढिल्या होतात, टोकं काळी पडतात, बारीक 'चर्र' आवाज येतो. प्रत्येक ठिणगी म्हणजे बल्बाला एक छोटा झटका. चाळीस-पन्नास रुपयांचा होल्डर वाचवण्यात तीन-तीन बल्ब जातात. स्विच बंद केल्यावरही बल्ब मिणमिणत असेल तर वायरमनला बोलावून स्विच फेजवर आहे की न्यूट्रलवर ते तपासून घ्या. जुन्या वायरिंगमध्ये हा उलटेपणा भरपूर. स्विचवर बारीक लाल इंडिकेटर असेल तर त्याच्यामुळंही असं होतं, त्यात धोका नाही. घरातले काही दिवे अचानक लख्ख आणि काही मंद झाले तर मात्र थांबू नका, मेन बंद करा. थ्री फेजच्या डीपीवर न्यूट्रल तुटला की घरात ४०० व्होल्टच्या आसपास येऊ शकतं. त्यावर एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा मेनचा स्विच) काही करत नाही, जास्त-कमी व्होल्टेजला तोडणारं वेगळं उपकरण मेनजवळ बसवावं लागतं. फ्रिज-टीव्हीसकट सगळं वाचतं.

उजेड किती लागतो? १० बाय १२ ची, चुना दिलेली, स्लॅबची खोली असेल तर ९ वॅटचे दोन बल्ब समोरासमोरच्या भिंतींवर लावा. १८ वॅटचा एकच लावला तर तो जास्त तापतो आणि आपलीच सावली पुढ्यात पडते. माळवदाच्या घराचा हिशोब वेगळा. वर काळपट लाकडी सर, भिंती मातीनं लिंपलेल्या; त्या उजेड पिऊन टाकतात. तिथं दीडपट ल्युमेन धरा, किंवा निदान दिव्यामागची भिंत पांढरी करा.

रंगाच्या बाबतीत दुकानदार न विचारता ६५०० केल्विनचा निळसर पांढरा हातात देतो, कारण तो 'जास्त फाकतो' असं गिऱ्हाईकाला वाटतं. अभ्यासाच्या टेबलाला तो चालेल. स्वयंपाकघरात ४००० बरा, भाजणी किती लाल झाली ते नीट कळतं. झोपायच्या खोलीत आणि देवघरात २७०० ते ३००० चा पिवळसर. ओसरीवरही पिवळसरच लावा, पावसाळ्यात पाखरं कमी येतात. कपड्यांच्या दुकानात किंवा कपाटासमोर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० चा बल्ब हवा. साध्या ८० च्या बल्बाखाली पैठणीच्या काठातला लाल मरगळलेला दिसतो आणि उन्हात नेल्यावर साडी दुसरीच वाटते.

इन्व्हर्टर बल्बाला आमचे पाचपैकी तीन. लाईट गेल्यावर आपोआप पेटतो, पण बॅटरीवर उजेड निम्म्याच्या आसपासच असतो आणि पूर्ण चार्ज व्हायला ८-१० तास लागतात. स्विच चालूच ठेवावा लागतो, बंद केला की चार्जिंगही बंद. आणखी एक गंमत बऱ्याच जणांना कोड्यात टाकते: गावाची लाईट गेली की तो पेटतो, पण घरचा एमसीबी पाडला की बऱ्याचदा पेटत नाही. बल्ब आपल्या दोन टोकांमधून बाहेरची लाईन जोडलेली आहे का, ते बघत असतो; एमसीबी पडला की त्याला ते स्विच बंद केल्यासारखंच वाटतं. हातात धरला तर पेटतो तोही याचमुळं, बोटांतून त्याला वाट मिळते. बॅटरी दीड-दोन वर्षांत बसते. ती बदलता येणारं मॉडेल मिळालं तर शंभर रुपये जास्त द्यायला हरकत नाही. संडास-बाथरूम आणि जिन्यात एकेक असावा, घरभर लावू नये.

आता शोभेचे दिवे. इथं सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो काचेच्या आत तार दिसणाऱ्या पिवळ्या बल्बावर. दिसतो देखणा, पण त्याचा ड्रायव्हर टोपीएवढ्या जागेत कोंबलेला असतो, सर्जचं संरक्षण ठेवायला जागाच नाही. शहरात, बऱ्या लाईटीवर घ्या. डिम लाईटीच्या गावात घेऊ नका. चारी बाजूंनी बंद काचेच्या गोळ्यात ५ वॅटच्या वर जाऊ नका, हवा न मिळाल्यानं आतला बल्ब भाजून निघतो.

झुंबर पसंत करण्याआधी आतले होल्डर पाहा. बहुतेकांत बारीक आट्याचे ई१४ असतात आणि तो बल्ब तालुक्याच्या दुकानात मिळेलच असं नाही. सहा बल्बांचं झुंबर घेतलं तर दोन जादा बल्ब त्याच दिवशी घ्या, नाहीतर पुढं एक पांढरा, पाच पिवळे असं चित्र होतं. काचेच्या लोलकांच्या झुंबरावर काळ्या मातीची धूळ आठवड्याभरात बसते. दर महिन्याला स्टूलवर चढून पुसणारं कुणी घरात नसेल तर साध्या पितळी किंवा लोखंडी चौकटीचं घ्या. स्लॅबच्या हुकाला टांगा, पत्र्याच्या घरात पाइपाला. पत्र्याला कधीच नाही. खालून माणूस जाणार असेल तर ७ फूट मोकळे ठेवा. जेवणाच्या टेबलावरचा लोंबता दिवा टेबलापासून ३० इंचांच्या आसपास असावा, त्याहून खाली आणला तर समोरच्याचं तोंड दिसत नाही.

पितळी, लोखंडी असा कुठलाही धातूचा दिवा असेल तर तीन तारांची वायर हवी, तिसरी अर्थिंगची. जुन्या घरांत वायरिंग दोन तारांचं असतं आणि दिवा लावणारा हिरवी तार कापून टेपखाली दडवतो. पुसायला गेलेल्या हाताला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. अर्थिंग नसेल तर लाकडाचा, वेताचा किंवा कापडी शेडचा दिवा घ्या. पाणी-धूळ किती अडवतो ते आयपीच्या आकड्यावरून कळतं: अंगणात उघड्यावर आयपी६५ लिहिलेला, पन्हाळीखाली आयपी४४ चालतो.

बल्ब घेतल्याबरोबर त्याच्या बुडाशी पेनानं तारीख लिहा आणि खोकं जपा. वॉरंटीत बदलून देताना दुकानदार बॅच क्रमांक बघतो, आणि तो बल्बावर छापलेला असेल तर उष्णतेनं हमखास पुसट झालेला असतो.