पाली-लांजा रोडवरचं पंक्चरचं दुकान, पाचपैकी पाच

मुंबई-गोवा हायवेने गावी जाणाऱ्यांसाठी लिहितेय. पाली सोडून लांज्याच्या दिशेने निघालात की रस्त्याच्या कडेला एक पत्र्याची शेड लागते, बोर्डावर दुकानाचं नाव वगैरे काही नाही, एक जुना टायर पांढरा रंगवून त्यावर नुसतं 'पंक्चर' लिहिलंय आणि शेजारी चहाची टपरी आहे. लांबून बघून कोणालाही वाटणार नाही की इथे एवढं नीट काम होतं, म्हणून मुद्दाम सविस्तर सांगते.

आमचं मागचं डावं चाक बसलं. त्यात नवल काहीच नाही, कांटे ते वाकेड हा पट्टा चौपदरीकरणात किती वर्षं रखडला ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको, डायव्हर्जन, खडी, मधेच सळईचे तुकडे, बाइंडिंग वायर, सगळं टायरखाली येतं. गाडी मी चालवत होते, सोबत आई आणि धाकटी बहीण. आम्ही दोघींनी स्टेपनी लावली. (ज्यांनी कधी केलं नसेल त्यांच्यासाठी: सपाट जागा, हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, तिरक्या समोरच्या चाकाला दगड, लाल ट्रँगल मागे बऱ्यापैकी लांब, आणि नट जॅक चढवायच्या आधीच थोडे सैल करून घ्या, चाक हवेत गेलं की पान्याबरोबर चाकच फिरायला लागतं.)

आता प्रश्न असा की आमच्या गाडीची स्टेपनी बाकीच्या चाकांपेक्षा लहान साइजची आहे, तिच्यावर 80 च्या वर जाऊ नका असा स्टिकरच आहे, ती फक्त जवळच्या दुकानापर्यंत पोचायला असते. आणि 2020 साली नियम बदलला तेव्हापासून ट्युबलेस टायर, टायर प्रेशर दाखवणारी सिस्टीम आणि रिपेअर किट असेल तर कंपनीने स्टेपनी नाही दिली तरी चालते, त्यामुळे बऱ्याच नव्या गाड्यांना ती नसतेच. म्हणजे वाटेत कुठला पंक्चरवाला चांगला आहे हे माहीत असणं आधीपेक्षा जास्त गरजेचं झालंय.

दुकान काका आणि त्यांचा एक पोरगा मिळून चालवतात. पहिली गोष्ट जी मला फार आवडली, काका थेट माझ्याशी बोलले. एरवी बायकाच गाडी घेऊन गेलो की 'सोबत कोणी नाही का' इथपासून सुरुवात होते. ह्यांनी विचारलं, "ताई, हवा एकदम गेली की हळूहळू? बसलेल्या चाकावर किती चालवलीत?" हा प्रश्न मला आजवर कुठल्याच पंक्चरवाल्याने विचारला नव्हता आणि खरं तर तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण हवा नसलेल्या टायरवर गाडी रेटली की टायरची बाजूची भिंत आतून चिरडते, बाहेरून टायर धड दिसतो आणि पुढे स्पीडला फुटू शकतो.

मग चाक पाण्याच्या टाकीत फिरवलं, बुडबुडे आले तिथे खडूने खूण केली आणि मला जवळ बोलावून दाखवलं, एकच पंक्चर, मधोमध घुसलेला स्क्रू. हे दाखवणं किती मोठी गोष्ट आहे ते ज्यांना फसवलं गेलंय त्यांना कळेल. मागे एकदा सातारा रोडवर एका दुकानात आम्हाला चहा प्यायला पाठवलं आणि परत आलो तर एका पंक्चरची चार झाली होती, प्रत्येकाचे वेगळे पैसे. हातात टोच्या असलेल्या माणसाला ते करायला कितीसा वेळ लागतो. त्यामुळे कुठेही जा, चाकापासून हलू नका.

त्यानंतर काकांनी दोन पर्याय सांगितले, भावासकट. बाहेरून वात (भोकात कोंबायची चिकट रबरी पट्टी) घातली तर 100 रुपये, पाच मिनिटांचं काम. आतून मशरूम पॅच (मशरूमसारखा, दांडा असलेला रबरी पॅच) मारला तर 350, पण अर्धा-पाऊण तास. "तुम्ही लांब जाताय, गाडी भरलेली, आतून करून घ्या, पण घाई असेल तर वातीवर पण घरी पोचाल," असं स्पष्ट म्हणाले, कुठेही भीती घातली नाही. मी पॅच सांगितला. टायर रिमवरून काढला, आतली बाजू टॉर्च मारून पूर्ण तपासली, भोक साफ केलं, आतून घासून सोल्युशन लावलं आणि मग ते वाळेपर्यंत खरोखर थांबले. इथेच बहुतेक जण घाई करतात, ओल्या सोल्युशनवर पॅच चिकटवला की तो धड पकड घेत नाही. पॅचचा दांडा आतून भोकातून बाहेर ओढला, छोट्या रोलरने दाबत दाबत सगळी हवा काढली, बाहेर आलेला दांडा कापला. वातीने फक्त भोक बुजतं, ह्याने आतली बाजू पण सील होते, आणि टायर उघडल्याशिवाय आत काय झालंय ते कळतही नाही, म्हणून मला हेच पटतं. अर्थात हे मधल्या पट्ट्यातल्या बारीक भोकाला, बाजूच्या भिंतीला कट असेल तर काकांनी सरळ सांगितलं की मी हात लावत नाही, टायर बदला.

चाक बसवताना नट एकाआड एक आवळले, हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा आकडा वाचून 33 पीएसआय भरली, वॉल्व्हवर साबणाचं पाणी लावून बघितलं आणि पन्नासेक किलोमीटरनंतर नट परत एकदा चेक करा म्हणाले. जाता जाता स्टेपनीच्या टायरवर छापलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचून दाखवले, 3417, म्हणजे 2017 चा चौतिसावा आठवडा. गाडी सेकंडहँड घेतलेली, स्टेपनी त्या दिवसाआधी आम्ही कधी वापरलेलीच नव्हती, तरी रबर वयाने कडक होतं, पुढच्या वेळी बदलून टाका असा सल्ला दिला. स्वतः टायर विकत नाहीत, म्हणजे ह्यात त्यांचा काही फायदा नव्हता.

कमी म्हणाल तर आहेत. बसायला एक बाक, तेही उन्हात, आईला टपरीवाल्याने खुर्ची दिली म्हणून बरं. टॉयलेट नाही, त्यासाठी पेट्रोल पंप गाठावा लागतो. नेटवर्क रडतखडत, जीपे दोनदा फेल गेलं, कॅश ठेवा. आणि व्हील बॅलन्सिंगचं मशीन नाही, टायर रिमवरून उतरवला की ते करून घ्यायला हवं, आम्ही कणकवलीत केलं.

गणपतीच्या गर्दीत इथे रांग लागते असं टपरीवाला सांगत होता, तेव्हा वेळ हाताशी ठेवा. आणि गाडी अगदीच हलत नसेल तर नॅशनल हायवेचा 1033 हा हेल्पलाइन नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. आमचा पॅच म्हणाल तर गावचे सगळे कच्चे रस्ते फिरून मुंबईला परत आलो, प्रेशर 33 चं 33.