जेट्टीविरुद्ध दाद: उच्च न्यायालय की संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक?

जेट्टीसाठी मासळी सुकवायची जागा जातेय आणि काम थांबवायचंय, तर उच्च न्यायालयच. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट, म्हणजे सरकारी कृतीविरुद्ध थेट उच्च न्यायालयात याचिका. रत्नागिरी-सिंधुदुर्गला ऑगस्ट २०२५पासून उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच (खंडपीठ), रायगडला मुंबई. वकिलाची फी, तारखा आल्याच. उशीर केला की याचिका लंगडी पडते. ग्रामसभेचा ठराव, बोटींचे परवाने जोडा. आंतरराष्ट्रीय करार नुसते उद्धृत करून भागत नाही; सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७च्या विशाखा निकालाच्या आधारे (त्यात मूलभूत हक्कांचा अर्थ लावताना असे करार वापरले होते) ते अनुच्छेद २१शी, म्हणजे जगण्याच्या हक्काशी, जोडून मांडा.

विशेष प्रतिवेदक म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी नेमलेले स्वतंत्र मानवी हक्क तज्ज्ञ. त्यांच्याकडे अर्ज फुकट, इथले उपाय आधी संपवायची अटही नाही. मात्र नुसती वर्तमानपत्री कात्रणं चालत नाहीत. दखल घेतली तर सरकारला पत्र जातं, साधारण ६० दिवसांनी प्रसिद्ध होतं. बंधनकारक काहीच नाही.

बुलडोझर दारात असेल तर रिट. प्रकल्प कागदावर असून परदेशी कर्जावर अवलंबून असेल, तर पत्राचा दबाव कामी येऊ शकतो.